पडद्यावरचा धुरा
नांगरलेल्या मातीचा वास आला का लोकाईले माय आठवते, मले मोठ्या भावाच्या पोरीचा लॅपटॉप आठवते. ती गेमसाठी आमचं शिवार बनवून राह्यली होती. माऊस दाबला का पडद्यावर माती फुगे. "काका, तुमाले सारं शिवार पाठ हाय, तुमीच करा," म्हणे. शाळेत न गेलेला मी, मास्तर झालो. नाला काढला, टेकडी उठवली, अन् आमा भावाभावाच्या वावरातला धुरा, म्हंजे मधातला बांध, ओढाले बसलो. "काका, धुरा आमच्या वावरात काऊन आणला?" पोरीनं इचारलं. मांगं चहा पेत बसलेला भाऊ हळूच बोलला, "राहू दे बाई, खऱ्यातही यानं तिथंच आणला हाय." मी हासलो, ते दोघं नाई हासले. धुरा अजून तिथंच हाय, अन् मी हे गावभर जोक म्हणून सांगत फिरतो.