पिशवीतल्या चिठ्ठ्या

जळगावहून सकाळी धुळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या पुढच्या बाकावर असायची. पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बस सुटली की मांडीवरच्या वहीवर चिठ्ठ्या लिहायला घ्यायची. मी डोकावलो की हात आडवा धरायची, परीक्षेत मुलं धरतात तसा. एकदा क्ष, य आणि पुढे काही आकडे तेवढे दिसले. लिहून झालं की दोन-दोन चिठ्ठ्यांना रबर लावून कापडी पिशवीत टाकायची. बाई सट्ट्याचे आकडे पोचवते, अशी माझी खात्रीच झाली.

शेवटी मी कंडक्टरच्या कानाला लागलो. त्याने सगळ्यांदेखत तिची पिशवी ओढली.

"ताई, हाई काय शे?"

पिशवीचा बंद तुटला आणि चिठ्ठ्या पायांत पसरल्या. ती वाकून एकेक वेचू लागली.

"नववीची समीकरणं आहेत," ती म्हणाली. "एका चिठ्ठीत क्ष आणि य यांची बेरीज, दुसरीत वजाबाकी. एकट्याला उत्तर येतच नाही. वर्गात जी मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनाच मी एकेक देते."

एक चिठ्ठी माझ्या चपलेखाली होती. मी ती पुसून दिली. तिने वर न बघताच घेतली. वर्षभर मी तिच्या मागे बसत होतो. कधी साधं नावही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने पिशवी छातीशी धरली.

"आज काय बघायचंय?" तिने विचारलं.