लुकलुकणारं बटण

सरकीचा उग्र वास आला की माझ्या कानात अजून टामीचा, ड्रायव्हरांच्या त्या लोखंडी दांड्याचा, आवाज घुमतो. मंठ्याजवळच्या कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी नवीनच लागले होते आणि माझ्या टेबलावर स्क्रीनचा, बटणांच्या रांगेचा फोन होता. मला फक्त रिसीव्हर उचलता यायचा. त्या दुपारी मालक बाहेरगावाहून बोलत होते, तेवढ्यात एक बटण लाल लुकलुकायला लागलं. दाबलं तर मालकांचा फोन कट होईल, या भीतीनं मी हात लावला नाही. ते विझलं, पुन्हा लुकलुकलं, असं तीनदा झालं. मग गेटवरून किंकाळी आली आणि मी धावले. रांगेतल्या गाड्यांच्या नंबरावरून भडकलेले दोन ड्रायव्हर म्हाताऱ्या वॉचमनला टामीनं झोडपत होते. त्याचा गुडघा फुटला होता, खाली सांडलेला कापूस रक्तानं चिकट झाला होता, गेटवरच्या त्याच्या खोलीतला रिसीव्हर वायरीला लोंबत होता. "ताई, तीनदा फोन केल्ता," तो कण्हत म्हणाला, "तुमी घेतलाच न्हाई." दुसऱ्या दिवशी मालकांनी मला विचारलं, "त्याचा फोन आल्ता का?" स्क्रीनवर गेटचे तीन मिस्ड कॉल दिसत होते. मी म्हणाले, "न्हाई." मालकांची पाठ वळताच मी एकेक बटण दाबत सुटले, ते तीन कॉल पुसले जाईपर्यंत. वॉचमन खोटारडा ठरला, त्याची नोकरी गेली. आज नव्या मुलींना मीच फोन शिकवते, हे होल्डचं, हे दुसरी लाइन घ्यायचं. पुसायचं बटण मात्र मी दाखवत नाही; मला सगळ्यात आधी तेच आलं होतं.