साहेबाच्या गळाचा सौदा

अकोल्याच्या बाजारात, करीमभाईच्या दुकानासमोर मी उभा. माझा हात त्याच्या हातात, वरून माझा रुमाल टाकलेला, आणि भोवती ही गर्दी!

ज्यांनी कापसाचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. आम्ही दलाल भाव तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची बोटं बोलतात. किती बोटं धरली, कुठं दाबली, त्यावर आकडा ठरतो. सौदा चारचौघांत होतो आणि चारचौघांना पत्ता लागत नाही. म्हणून रुमाल पडला की लोक समजतात, काहीतरी मोठं चाललंय.

त्या दिवशी मात्र सौदा कापसाचा नव्हता. मासे धरायच्या काठीचा होता.

आमचा एजंट साहेब अमरावतीला बसून एका विलायती कंपनीसाठी कापूस घ्यायचा. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद, त्यामुळं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले. लोक गाद्या उसवून आतला कापूस विकत होते, खोटं नाही सांगत. आणि अशात आमच्या साहेबाला नाद कशाचा? मेळघाटातल्या माशांचा. तोही गांडूळ लावून नाही, फ्लाय लावून. फ्लाय म्हणजे माशी, पण खरी नव्हे. गळाला पिसं आणि रेशीम असं बांधतात की माशाला किडाच वाटावा. त्याला लवचिक रॉड लागतो, आणि दोर गुंडाळायला पितळी चाक, म्हणजे रील. साहेबाचा रॉड मोडला होता. अकोल्याचा एक साहेब विलायतेला परत गेला, त्याचं सामान करीमभाईनं लिलावात उचललं, आणि त्यात एक अस्सल रॉड असल्याची खबर आली.

"दलाल," साहेब म्हणाला, "माल एकदम अच्छा मंगता, दाम बम्बई का आधा. लाया तो इस सीझन का सब कपास तुम्हारे हात से. नहीं लाया तो दूसरा दलाल."

हंगामभराची दलाली! मी लगेच छकडा जुंपला आणि मूर्तिजापूरला मुक्काम करून अकोला गाठलं.

आणि तिथं सवयीनं रुमाल टाकला. इथंच माती खाल्ली.

"अमरावतीचा दलाल काठीचा सौदा रुमालाखाली करून राहिला ना बापा!" गर्दीतून आवाज आला.

"काहून?"

"विलायतेत काठीले भाव आला असन. अन पिसाले बी. डब्बा भरून पिसं आहेत पाहा त्यात."

झालं! करीमभाईनं रुमालाखालून हात काढून घेतला. थोड्या वेळात रामसुख शेठ आले. अकोल्यातले मोठे सट्टेबाज. ते शिंकले तरी बाजार दोन पावलं सरकायचा. त्यांनी माझ्या दुप्पट भाव बोलला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माणसं कोंबड्यांमागं धावून राहिलेली. अकोल्यात शेपटीसकट कोंबडा दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी गत.

"शेठजी, मासे धरायची काठी आहे हो ती!" मी कळवळून म्हणालो.

"मले येडा समजता का पुंजाजी? मासा दोन पैशाच्या गळानं निघते. त्याले पितळेचं चाक कायले?"

"पिसं दाखवून धरतात तो मासा."

"अन मासा पिसं खाते?"

लोक पोट धरून हसले. कापसाबद्दल मी जन्मभर थापा मारल्या, सगळ्या खपल्या. हे एकच खरं बोललो, तर कुत्रंही विश्वास ठेवीना. दलाली हातची चालली.

मग म्हणालो, "शेठजी, सँपल पाहिल्याबिगर कोण माल घेते? चला मोर्णा नदीवर. चालवून दाखवतो."

माझा हिशेब सोपा होता. मला मासा काही मिळणार नाही, लोकांचा ताप उतरेल. करीमभाई खुशीत तयार झाला. त्याला वाटलं, माल पाहून भाव आणखी चढेल.

मोर्णेच्या काठावर निम्मं अकोलं जमलं. शेठ माझ्या पाठीशी उभे, आपल्या होणाऱ्या मालावर डोळा ठेवून. साहेब बंगल्यावर सराव करायचा तो मी पाहिला होता. रॉड मागं न्यायचा, दोर मागं पसरू द्यायचा, मग पुढं झटका. मी मागं नेला. झटका दिला. दोर येईना. देवाचं नाव घेऊन दुसरा झटका दिला, आणि दोर आला. सोबत शेठजींचं पागोटंही आलं! लालभडक, कोरं करकरीत. हवेत उलगडत गेलं आणि धप्पकन मोर्णेत. मी घाबरून रील फिरवून राहिलो, आणि ते डुबक्या मारत माझ्याकडं येऊन राहिलं.

"लागला रे लागला! मोठा आहे!" काठावरून कोणीतरी ओरडलं.

भर लोकांत बोडक्या डोक्यानं उभे शेठ संतापानं कडाडले, "घेऊन जा तो दळभद्री डंडा! मले फुकट बी नको!"

शेठनं सोडलं म्हणजे मंदी. शेठ घरी पोचेपर्यंत काठीचा बाजार बसला. पिसांची पोती लोकांनी उकिरड्यावर ओतली.

"पुंजाजी, कालचा भाव देता का?" करीमभाई हळूच म्हणाला.

"कालचा भाव काल होता, भाई."

रॉड, रील, पिसांचा डबा, सगळं घेतलं. शेठला नवं पागोटं घेऊन दिलं, तेही साहेबाच्या खर्चात धरलं. तरी साहेबानं सांगितल्यापेक्षा स्वस्तच पडलं.

साहेबानं रॉड वाकवून पाहिला, रील कानाशी धरून फिरवली. "फर्स्ट क्लास!" सगळ्या ऑफिससमोर त्यानं शब्द दिला: हंगामाचा सगळा कापूस माझ्या हातून. मी पेढे वाटले.

लगेच साहेब मेळघाटात गेला. रॉड इतका झकास की हातातून सुटेना. अमरावतीत कापसाच्या गाड्यांवर गाड्या आल्या, दुसऱ्या एजंटांनी उचलल्या. मी निरोप धाडायचो, साहेब, कापूस आला. उत्तर यायचं, साहेब पानी में हैं.

हंगाम सरता सरता अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव धाडकन कोसळला. ज्या एजंटांनी कापसानं गोदामं भरली होती ते बुडाले. आमच्या साहेबानं एक गाठही घेतली नव्हती. कंपनीनं त्याचा पगार वाढवला. माणूस फार दूरदृष्टीचा म्हणे.

मला ठरल्याप्रमाणे सगळ्या हंगामाची दलाली मिळाली. म्हणजे शून्य गाठींची. वर साहेबानं प्रेमानं एक खारवलेला मासा पाठवला, तोही वाटेत नासला.

नवे दलाल विचारायला येतात, त्यांना मी एवढंच सांगतो. गिऱ्हाइकाला माल चोख द्या, स्वस्त द्या. पण तो आपला धंदाच विसरेल इतका चोख देऊ नका.