कंडक्टरचा कान

लातूरच्या ज्या गल्लीत ग्यानोबा राहतात, तिथे नळाला पाणी केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसालाही ते बहुधा घरातून निघताना सुचत असावं. पाणी लांबलं की गल्लीतली माणसं बोलता बोलता थांबतात, मान तिरकी करतात आणि मग पुन्हा बोलू लागतात. पाहुण्यांना हा एखादा आजार वाटतो.

या गल्लीत सगळ्यांत तिखट कान ग्यानोबांचा. ते निलंगा डेपोत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत मागच्या दाराने कोण बिनतिकीट चढलं हे आपल्याला मान न वळवता कळायचं, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर बिनतिकीट माणसं राहिली नाहीत, नळ राहिला. पाणी येण्याआधी नळ हवा टाकतो. ती शीळ इतकी बारीक असते की शेजारी मिक्सर चालू असला तर विरून जाते. ग्यानोबांना आपल्या घरामागच्या नळाची ती शीळ अंगणातल्या खुर्चीत बसून ऐकू यायची. ते उठायचे आणि लोखंडी फाटकावर किल्ली दोनदा वाजवायचे. डबल बेल. गल्ली घागरी घेऊन धावायची.

त्यांचं घर गल्लीच्या शेवटी, म्हणजे पाइपाच्याही शेवटी. घरात मोटार नाही. पाइपातून पाणी ओढणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलणं, असं ते म्हणतात. पहिलं घर माणिकप्पांचं. ते निवृत्त प्राध्यापक, आणि त्यांची मोटार अशी की ती सुरू झाली की ग्यानोबांचा नळ उलटा श्वास घेतो. म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. पहिल्या डबल बेलला घागरी भरायच्या. ग्यानोबांचा हौद भरेपर्यंत मोटारीला कुणी हात लावायचा नाही. हौद भरला की ते दुसऱ्यांदा डबल बेल द्यायचे, आणि मग दहा घरांतल्या मोटारी एकदम घुरघुरायच्या. फुकटच्या चांगुलपणावर या गल्लीचा विश्वास नाही, पण कानाच्या बदल्यात पाणी हा सौदा तिला समजत होता.

सगळ्यांत जास्त तो पंचशीलाबाईंना समजत होता. त्या नवऱ्याला म्हणायच्या, "तुमचा कान म्हंजे आपली मोटार हाय. जपा जरा."

जपायचं कसं, हे ग्यानोबांना फोनने शिकवलं. एका जाहिरातीत एक बाई स्वतःच्या कानातून काळी गोळी काढायची आणि जन्माचं ओझं उतरल्यासारखी हसायची. ते त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की फोन त्यांना दुसरं काही दाखवेना. मुलगा सुगत नांदेडला सरकारी नोकरीत. त्याच्या मागे लागून त्यांनी ती वस्तू मागवून घेतली. पेनासारखी काडी, टोकाला दिवा, दिव्याच्या मधोमध कॅमेरा आणि पुढे तांदळाच्या कणीएवढा चमचा. सून महामाया सुट्टीत आली तेव्हा तिने फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि बजावलं, "पप्पा, नुसतं बघायचं. कोरायचं नाही."

"हाव," ग्यानोबा म्हणाले. तिकीट मागितल्यावर पास आहे म्हणणारी माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात.

माणूस आयुष्यभर ज्या अंधारातून ऐकतो तो अंधार त्याने कधी पाहिलेला नसतो. ग्यानोबांनी पाहिला. उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी एक वाट, काठावर केस, जागोजागी तपकिरी ढेकळं, आणि शेवटी ताणून बसवलेला, ओल्या शिंपल्यासारखा चमकणारा पडदा. त्यांनी काडी बाहेर काढून पुसली. मग म्हणाले, "पडदा लई साफ हाय."

इथे थांबले असते तर ही गोष्ट नव्हती. पण ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला दुसऱ्याचं शरीर लागतं. आठवड्याभरात ग्यानोबांच्या अंगणात कान दाखवायला माणसं येऊ लागली. बाया पदर मागे सारून बसायच्या. पुरुष आधी हसायचे, मग डोळे घट्ट मिटायचे. ग्यानोबा छातीला चष्मा लटकवून, काडीचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, "हलू नका, गाडी घाटात हाय," म्हणायचे. फोनवर जे दिसायचं ते बाकीचे मान वाकवून बघायचे. ज्या माणसांनी एकमेकांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं ती एकमेकांच्या कानात डोकावून आली. जवळीक वाढली असं मात्र दिसलं नाही.

माणिकप्पा सगळ्यांत शेवटी आले. आले आणि स्टुलावर बसले.

"अप्पा, डाव्या कानात मागच्या साली पेरलेली ज्वारी हाय तुमच्या."

"असू द्या. काढा."

"काढून राहिलो. पण म्हणूनच तुमाला दुसरी डबल बेल ऐकू येत नसंल. पहिल्या बेललाच मोटार चालू होती तुमची परवा."

"ते पोरांचं काम," माणिकप्पा म्हणाले. त्यांच्या घरी पोरं नाहीत. दोन्ही मुलं परदेशात आहेत.

मळ निघाला. आत पडदा दिसला, आणि पडद्याच्या कडेला एक ठळक पांढरा ठिपका, लहानपणी कान फुटल्याची खूण. माणिकप्पांना तो ठिपका फार आवडला. त्यांनी फोटो मागून घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, अंतरंग. गल्लीतल्या सगळ्यांनी त्यावर अंगठा दिला. तो फोटो ते इतके दिवस रोज नव्याने लावत राहिले की भाजीवाल्यालाही ठिपका पाठ झाला.

आता सगळ्यांचे कान साफ झाले आणि ग्यानोबांना काम उरलं नाही. तेव्हा त्यांना स्वतःच्या उजव्या कानात, पडद्याच्या अगदी जवळ, एक पापुद्रा दिसला. कांद्याच्या सालीएवढाही नसेल. त्या पापुद्र्यासकटच तो कान इतकी वर्षं नळाची हवा ओळखत होता. पण ज्याने गल्लीचे कान साफ केले त्याच्या कानात पापुद्रा असावा, हे त्यांना सहन होईना.

दुपारची वेळ. पंचशीलाबाई आत ज्वारी निवडत होत्या. ग्यानोबांनी फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला, काडी उजव्या कानात घातली आणि पापुद्र्यापर्यंत नेली. हात उजवीकडे न्यावा तर फोनमधला चमचा भलतीकडेच जायचा. शेवटी चमचा पापुद्र्याखाली सरकला. तेवढ्यात फोन वाजला. पडदा गेला, पापुद्रा गेला, आणि त्या जागी लग्नातला, फेटा बांधलेला सुगत आला.

माणसाचा हात त्याला विचारून हलत नाही. ग्यानोबांनी फोन उचलला आणि सवयीप्रमाणे उजव्या कानाला लावला.

काडी कानातच होती.

सुगतला पलीकडून एवढंच ऐकू आलं की कुणीतरी श्वास आत ओढला आणि सोडला नाही. "पप्पा? पप्पा, जेवलात का?" तो विचारत राहिला. ग्यानोबांनी फोन डाव्या कानाला लावला आणि म्हणाले, "हाव. जेवलो."

काडीच्या टोकाला रक्त होतं. ते त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, काडी डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली. पंचशीलाबाईंनी आतून विचारलं, "काय झालं वो?" तर म्हणाले, "डास."

दुखणं काही दिवसांत बसलं. मागे एक आवाज राहिला. बारीक, न थांबणारी शीळ. आता शीळ अनेक प्रकारची असते. कुकरची, गार्डाची, थंडीत दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची. ग्यानोबांच्या वाट्याला नेमकी नळाच्या हवेची आली.

ते उठले आणि किल्ली फाटकावर दोनदा वाजवली. गल्ली घागरी घेऊन आली. नळ कोरडे.

"येईल," ग्यानोबा म्हणाले. "मागं कुठं तरी अडकलं असंल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवली. तिसऱ्या दिवशीही. बाया घागरी आपटत परत गेल्या. एक म्हणाली, "कंडक्टर, गाडी नसताना घंटी मारता का?" पण माणिकप्पांचं डोकं वेगळं चालत होतं. त्यांनी आयुष्यभर संशय या विषयावर व्याख्यानं दिली होती. कंडक्टर स्वतःचा हौद गुपचूप भरतो आणि आपल्याला नळ कोरडा दाखवतो, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढच्या डबल बेलला थेट मोटारीचं बटण दाबलं. मोटार कोरड्या पाइपातून हवा ओढत राहिली, तापली, आणि जळाली. गल्लीभर तो वास संध्याकाळपर्यंत होता.

त्यानंतर ग्यानोबा घाबरले. खुर्चीत बसायचे. शीळ ऐकायचे. स्वतःला सांगायचे, हे कानात आहे, हे कानात आहे. एका सकाळी ते असेच सांगत बसले होते. पंचशीलाबाई विहारात गेल्या होत्या. त्या परत आल्या तर फाटकाशी चिखल. गटार भरून वाहत होतं. पाणी आलं होतं आणि गेलं होतं. अख्ख्या गल्लीत एकानेही ऐकलं नव्हतं. ऐकणं त्यांनी कधीच ग्यानोबांवर सोपवलं होतं.

त्या दिवशी माणिकप्पांच्या ओट्यावर सगळे जमले. पंचशीलाबाई कडेला उभ्या राहिल्या.

माणिकप्पा म्हणाले, "मुद्दा वैयक्तिक नाही. पण ज्या कानासाठी आपण मोटारी थांबवतो, तो कान चालतो का, हे कळायला पाहिजे. नसेल चालत तर थांबण्यात अर्थ नाही."

"चालतो," ग्यानोबा म्हणाले.

"मग आज?"

"डोळा लागला असंल. माणूस हाय."

"आणि परवा? माझी मोटार?"

ग्यानोबांनी खिशातून फोन काढला. या क्षणाची तयारी त्यांनी केली होती. कानाने ऐकू येतं का, हे त्यांना आता कानाला विचारायचंच नव्हतं. त्यांनी फोटो उघडला आणि फोन सगळ्यांसमोर फिरवला. "हा बघा. कालचाच. उजवा कान. आरपार साफ. ह्याला ऐकू येत न्हाई, असं कोन म्हनंल?"

फोन हातोहात फिरला. पडदा खरोखरच सुंदर होता. शिंपल्यासारखा, ताणलेला. आणि कडेला ठळक पांढरा ठिपका.

एका बाईने पदर तोंडाला लावला. फोन माणिकप्पांकडे पोचला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"ग्यानोबा," ते म्हणाले, "हा माझा कान आहे."

मग जे हसणं उसळलं ते ग्यानोबांना एकाच बाजूने ऐकू आलं. म्हणून ते त्या बाजूला तोंड करून उभे राहिले, जणू दुसऱ्या बाजूला कुणी हसतच नव्हतं. ठराव वगैरे झाला नाही. माणसं उठून गेली, तोच ठराव.

वाटेत पंचशीलाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचाच दाखवायचा होता तर बिनठिपक्याचा तरी काढायचा."

सुगत त्यांना नांदेडला घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरकडेही कॅमेरा होताच, तोही मोठ्या टीव्हीला जोडलेला. कानाच्या पडद्याला भोक दिसलं, कडा लाल. डॉक्टर म्हणाले, बहुतेक भरून येईल. पाणी जाऊ देऊ नका, काडी घालू नका. शीळ जाईल किंवा राहील, ते आज सांगता येत नाही. ग्यानोबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "सायब, तुमच्या कॅमेऱ्याला चमचा न्हाई का?"

सुगतने बाहेर येऊन ती डबी मागितली. ते म्हणाले, हरवली. ती अजून कपाटात आहे.

परत आल्यावर त्यांची खुर्ची अंगणात पुन्हा लागली. फाटकाकडे मात्र आता कुणी बघत नव्हतं. जळालेल्या मोटारीच्या जागी माणिकप्पांनी आणखी मोठी आणली होती. इतर घरांत माणसं आळीपाळीने नळाशी बसू लागली, फोन बघत, म्हणजे न ऐकत.

पंचशीलाबाईंनी नळाखाली एक स्टीलचं ताट पालथं घातलं आणि ज्वारी निवडायला तिथेच बसू लागल्या. खुर्चीत बसून जे नवऱ्याला वर्षानुवर्षं सुचलं नाही ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पाइपात कोंडलेली हवा शेवटच्या नळातून आधी निघते. कान कुणाचाही चालला असता. जागा शेवटची होती.

एका दुपारी नळाने हवा टाकली. मग ताटावर थेंब वाजले. त्यांनी ताट उचललं, नळाला पाइप लावला, पाइपाचं तोंड हौदात खोल सोडलं, म्हणजे पडण्याचा आवाज होणार नाही. अंगणाकडचं दार लोटून घेतलं. गल्लीत सामसूम होती.

ग्यानोबा खुर्चीत ताठ झाले. डावा कान नळाकडे केला. "आलं का गं?"

"न्हाई."

"मला ऐकू येऊन राहिलं."

"ते तुमच्या कानातलं हाय," पंचशीलाबाई म्हणाल्या. "बसा गप."

ते बसले. एक बोट उजव्या कानावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. हौद काठोकाठ भरला. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातली किल्ली काढून घेतली, पदराला ओले हात पुसले, आणि फाटकाशी जाऊन ती दोनदा वाजवली.