दोन दारांचं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. आणि आता सांगतोय तेही वैतागून. कुणावर? माझ्यावरच, आणखी कुणावर!

डिचोलीत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवता शिकवता माझे केस पिकले. जुने विद्यार्थी भेटले की एकच टेप लावतात — सर, तुमचं ते दोन दारांचं घर, क्वांटम नंबर डोक्यात शिरले ते त्याच्यामुळे! ऐकलं की मस्तकात तिडीक जाते. वरून मी हसतो. कारण ते घर माझं नाहीच मुळी.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची अकरावी. चार क्वांटम नंबर मी तीन दिवस घोकून घेत होतो. पहिल्यानं इलेक्ट्रॉनचं कवच कळतं, दुसऱ्यानं उपकवच, तिसऱ्यानं ऑर्बिटल, चौथ्यानं त्याची फिरकी. एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन, तेही उलट्या फिरकीचे. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं — पालथ्या घड्यावर पाणी. पोरांवर ओरडलो. पण खरं सांगू? तो चौथा नंबर मलाच धड उमगला नव्हता. कॉलेजात पाठ केलेलं तेच ओकत होतो.

तेव्हा प्रमिला उठली. लाटंबार्शाची, काजूच्या बागेत राबणाऱ्या घरातली. इंग्रजीत दोनदा अडखळली, मग सरळ घरच्या बोलीत म्हणाली की हा तर पत्ता झाला. पहिला नंबर तालुका, दुसरा गाव, तिसरा घर. आणि चौथा?

"सर, आमच्या घराक दोन दारां. एक उगवतीक, एक मावळतीक. घर एकच, पण दोघांची तोंडां उलटी. तिसऱ्याक जागा नाय."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगदी त्याच क्षणी — आणि त्याचाच राग आला. ही सोळा वर्षांची पोर मला शिकवणार? तिचा बाप आणि काका एका छपराखाली राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, मधे भिंत घालून दारं वेगळी केली होती, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी म्हणालो, "बस खाली. बापाचं नि काकाचं भांडण अणूत आणू नकोस."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. ती खाली बसली आणि वही मिटून ठेवली.

पंधरा दिवसांनी ती आर्ट्सला जायचा अर्ज घेऊन आली. जूनमध्ये याच पोरीनं मला सांगितलं होतं, बी.एस्सी. करायचंय, केमिस्ट्री शिकवायचीय. अर्जात कारण लिहिलं होतं — विषय समजत नाही. अहो, साऱ्या वर्गात तिला एकटीला तो समजला होता! हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? एक वाक्य बोललो असतो तर काय जीभ झडली असती? मी सही केली. खाली तारीखही घातली.

पुढल्या वर्षी नव्या वर्गात मी ते घर फळ्यावर काढलं. तालुका, गाव, घर, दार. पोरांना पटकन कळलं. मग पणजीला शिक्षकांच्या शिबिरात काढलं, तिथं टाळ्या पडल्या. हे सुचलं कसं, असं कुणीतरी विचारलंही. म्हटलं, सुचलं आपलं शिकवता शिकवता.

मी निवृत्त झालो त्या वर्षी डिचोलीच्या बाजारात प्रमिला भेटली. बरोबर मुलगी, अकरावी सायन्सची, माझ्याच एका विद्यार्थ्याच्या हाताखाली शिकणारी. मुलगी उत्साहानं सांगू लागली की आमचे सर तुमचं दोन दारांचं घर शिकवतात. मी तिच्या आईकडे बघेना. मुलगी वाकून पाया पडत होती, तेव्हा प्रमिला हळूच म्हणाली, "सर, ता घर कोणाचा, ता मी तिका कधीच सांगूक नाय."

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. खूप शीक, म्हणालो. तेव्हाही तेवढंच म्हणालो.