खटका लागला का?

आमच्या ग्वाल्हेरच्या ऑफिसात सर्व्हरचं मॉड्यूल आत सरकवलं की पुढची दांडी दाबायची आणि कान देऊन ऐकायचं. टक् वाजलं नाही, तर ते अर्धवट बसलंय म्हणून समजा. त्या दिवशी दर्पण कॉलनीतली माझी सहकारी दांडी धरून नुसती उभी. घरची भाषा मराठी, पण विचार सगळा हिंदीत. मी वैतागून विचारलं, "अगं, खटका लागला का?"

"सकाळपासून लागलाय," ती म्हणाली. "आईचं ऑपरेशन आहे ना आज."

हिंदीत खटका म्हणजे धास्ती, हे सगळा जन्म ग्वाल्हेरात काढूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिच्या हातातली दांडी घेऊन दाबली. टक् वाजलं.

"हा लागला," मी म्हटलं. "तू आईकडे जा."