वैशालीचा शेवटचा प्लॉट

माझी बायको झाडांची उंची मोजायची.
गेल्या वर्षी आजच्या तारखेला ती गेली.

बदलापूरला आमच्या सोसायटीत हे कळलं की लोक हसायचे. "वहिनी, झाडं मोजायचा पण पगार भेटतो?"
"भेटतो. तुमच्या कंपनीपेक्षा वेळेवर."

काम असं होतं. ती अधूनमधून हिमाचलात जायची. तिथे डोंगरावर चीडची, म्हणजे पाइनची लागवड. सगळी झाडं एका वयाची. त्यातली सगळ्यात उंच झाडं मोजायची आणि त्यावरून खालची जमीन कशी आहे ते ठरवायचं.

"मग जाड झाडं का नाही मोजत?" मी एकदा विचारलं. मी आनंदनगरला फॅक्टरीत मेंटेनन्स बघतो, आपलं डोकं तिकडेच जातं.
"मोकळी जागा मिळाली की कुणीही जाड होतं. स्वतःकडे बघ," ती म्हणाली. "उंची मात्र जमीन देते."

मोजणीसाठी आखलेला तिथला एक प्लॉट तिचा फार लाडका. तिथली जमीन उत्तम आहे असं ती पहिल्यापासून म्हणायची. ऑफिसात कुणाला पटत नव्हतं आणि ती त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत होती. शेवटचं माप घेतलं की निकाल लागणार होता. शेजारच्या उतारावर चीड लावायची की नाही, तेही त्यावरच ठरणार होतं.

नेमका तेव्हाच कॅन्सर पसरला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली, ती त्या प्लॉटसाठी. खरं सांगतो, मला राग आला होता.

मग मीच रजा टाकली. तिची ज्युनिअर मेघना होतीच. टेप धरायला मी गेलो.

वैशाली घरी बेडवर, फोन कानाला.
"झाड तुझ्याकडे झुकलंय का बघ. झुकलेलं असलं तर उंची जास्त येते. बाजूला जाऊन मोज. अरे, बाजूला म्हणजे दरीत नाही!"

संध्याकाळी मेघनाने हिशेब केला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

झाडं उंचीला वैशालीच्या अंदाजापेक्षा बरीच कमी भरली होती. जमीन साधारणच होती. ऑफिसवाले बरोबर होते.

मेघना म्हणाली, "सर, रिपोर्टमध्ये खरं तेच जाईल. पण मॅडमना नका ना सांगू. छान आलंय म्हणा."
मी हो म्हणालो. फोन लावेपर्यंत माझंही तसंच ठरलं होतं.

"किती आली?" हॅलोसुद्धा नाही.

मी खरा आकडा सांगितला. तिच्यापुढे खोटं बोलायला तोंडच उघडेना.

 

"म्हणजे मी चुकले."
"हो."
"परत मोजलंत?"
"मोजलं."
"मग बरोबर आहे. तिथे चीड लावू नका म्हणावं."

मग म्हणाली, "आजारी पडल्यापासून सगळे मला छान छानच सांगतात रे. तू लवकर घरी ये."

दुसऱ्या दिवशी निघालो. घरी पोचल्यावर तिने विचारलं, डॉक्टर तुझ्याशी बाहेर जाऊन काय बोलतात. मी तेही सांगितलं. मग दोघंही पोटभर रडलो आणि चहा केला.

वैशाली, आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहिणार होतो.

नाही आहोत. खूप आठवण येते.